वन्स मोर कुणाला?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. विषय माझ्यावर सोडला होता. संयोजकांची अपेक्षा अशी असावी, की मी संगणकावर बोलेन, मुलांनी काय शिकावं ते सांगेन. ते मी जेवताना सांगेन, ज्याला हवं त्याला. इथं मला एका सिनेमाबद्दल बोलायचं आहे. सिनेमापेक्षाही, तो बघून आपण काय केलं, काय बोललो, याबद्दल.

2025 च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' हा चित्रपट आला आणि आपल्या बॅचमध्ये पुन्हा तोच वाद पेटला. खाडिलकरांचं 1911 सालचं नाटक, त्याला चाली आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. काहीजण म्हणाले, नाटकाची वाट लावली. काहीजण म्हणाले, निदान पोरांना नाव तरी कळलं. हा वाद वाचताना मला त्याच्या दहा वर्षं आधीचा दुसरा एक वाद आठवला. 2015 च्या दिवाळीत, 12 नोव्हेंबरला 'कट्यार काळजात घुसली' प्रदर्शित झाला होता. सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो' त्याच दिवशी आला होता, 'मुंबई-पुणे-मुंबई 2'सुद्धा. तरी 'कट्यार'ला गर्दी झाली. आपल्यापैकी सात-आठजण दिवाळीला गावी आलो होतो, ते मिळून इचलकरंजीला गेलो. आपले संगीताचे सरही आले होते. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, गाण्याविषयी तुमच्यासमोर बोलतेय, चुकलं तर जागेवरच सांगा, वर्गात सांगायचा तसं.

ज्यांना नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ नाटक 1967 चं. लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, रंगमंचावर आणलं प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. एका संस्थानात दोन गवई. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्याबरोबर एक खून माफ. खाँसाहेबांना ती मिळते, पंडितजी निघून जातात, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव पुढं खाँसाहेबांच्याच हवेलीत येऊन त्यांचं गाणं उचलतो. खाँसाहेबांची भूमिका करत होते डॉ. वसंतराव देशपांडे. सिनेमा सुबोध भावेंनी दिग्दर्शित केला. शंकर महादेवन पंडितजी झाले, सचिन पिळगावकर खाँसाहेब, आणि खाँसाहेबांच्या नाट्यगीतांना आवाज वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा. सदाशिवासाठी महेश काळे गायले आणि त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आपल्या शाळेकडे येते. आपण दहावीत होतो तेव्हाचं स्नेहसंमेलन कुणाकुणाला आठवतं? सरांनी तेव्हा दोन मुलींकडून 'घेई छंद' बसवून घेतलं होतं. या पदाची गंमत अशी, की शब्द तेच, पण चाली दोन. एक पंडितजींची, शांत, एकेक पाकळी उलगडावी तशी. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, तानांनी भरलेली. सरांनी एका मुलीला पंडितजी केलं, दुसरीला खाँसाहेब. पंडितजी झालेली मुलगी आज परदेशात आहे. खाँसाहेब झालेली मैत्रीण इथं, तिसऱ्या रांगेत बसली आहे. पुढं जे सांगणार आहे ते तिला विचारून सांगते आहे. तिचं नाव घेणार नाही, तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे.

त्या दिवशी पहिलं गाणं झालं, टाळ्या पडल्या. मग खाँसाहेब सुरू झाले. खाली पालक बसलेले, निम्मे दिवसपाळी करून थेट आलेले, अंगावर सुताचा कापूस तसाच. माझे वडील त्यातच होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यामुळं ते बोलायचे मोठ्यानं आणि ऐकायचे कमी. तिची शेवटची तान समेवर आली, आणि मागून वडिलांचाच आवाज आला, "वन्स मोर!" मग सगळेच ओरडले. हेडसरांनी हात वर करून परवानगी दिली. ती पुन्हा गायली. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा वेगळं गायली, एक जागा तिनं तिथल्या तिथं बदलली. सरांनी पेटीवरून मान वर करून तिच्याकडं बघितलं, ते मला आजही दिसतं.

ही आठवण मनात ठेवा. आता इचलकरंजीच्या त्या टॉकीजमध्ये चला.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या वीस मिनिटांत आमच्या रांगेचे तीन तुकडे झाले. एक, ज्यांनी नाटक बघितलं होतं. त्यात सर, आणि मी. मी पुण्यात राहुल देशपांडेंनी नव्यानं उभा केलेला प्रयोग बघितला होता. दुसरे, ज्यांना फक्त गाणी माहीत होती, रेडिओवरची, कॅसेटवरची. तिसरे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, ते दिवाळीचा सिनेमा म्हणून आले होते. आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त रंगले ते हे तिसरे. 'सूर निरागस हो' हे नवं गाणं सुरू झालं तेव्हा एकजण मला कोपरानं ढोसून म्हणाला, "लई भारी गं!" त्याआधी त्यानं नाट्यसंगीत म्हणून काही ऐकलं असेल तर ते आपल्या स्नेहसंमेलनातलं. आज ते गाणं गणपतीत गावोगाव वाजतं. हे त्या सिनेमाचं काम आहे आणि मी ते छोटं मानत नाही. नाट्यगृहात मावतील त्यापेक्षा किती तरी जास्त माणसांपर्यंत तो पोचला.

जाणकारांच्या तक्रारीही होत्या. नवी गाणी कशाला घातली, कव्वाली कशाला, खाँसाहेब इतके खुनशी कशाला केले, नाटकातली संथ लय कुठं गेली. सर मात्र काहीच बोलले नाहीत. मध्यंतरात मी विचारलं, "सर, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "गाणं चांगलं झालंय. पण मला दाद देता येईना."

मला तेव्हा वाटलं, सरांना सिनेमा आवडला नाही आणि ते सौम्यपणे सांगताहेत. दुसऱ्या अर्ध्यात त्याचा अर्थ कळला. खाँसाहेबांचं एक पद संपलं आणि पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्या माणसानं खणखणीत आवाज दिला, "वन्स मोर!" सगळं थिएटर हसलं. तोही हसला असेल. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला होता. तिथं थांबणारं कुणी नव्हतं.

इथं माझ्या कामातली एकच गोष्ट सांगते, कारण ती चपखल बसते. जुन्या संगणक प्रणाली नव्यात आणायच्या, हे मी पंधरा वर्षं करते आहे. एकदा आम्ही काउंटरवर वापरायची एक जुनी प्रणाली नव्यानं लिहिली. जुन्या स्क्रीनला प्रत्येक नोंदीनंतर दोन-तीन सेकंद लागायचे. आम्ही तो वेळ शून्यावर आणला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. महिन्याभरात तिथल्या कर्मचारी बाईंची तक्रार आली, जुनंच बरं होतं. आम्ही हसलो. माणसाला बदल नको असतो, असं म्हणालो. मग मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. त्या दोन-तीन सेकंदांत त्या समोरच्या नोटा पुन्हा मोजून घ्यायच्या. ज्याला आम्ही रिकामा वेळ समजत होतो, तो त्या वापरत होत्या.

संगीत नाटकात पद संपल्यावर जी क्षणभराची जागा असते, ती प्रेक्षक वापरत होता. बालगंधर्वांच्या काळी वन्स मोरमुळं नाटकं रात्रभर चालायची. 1960 नंतर 'मत्स्यगंधा', 'कट्यार' यांसारख्या नाटकांत अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, तरी ती जागा गेली नाही. सिनेमाला ती ठेवता येत नाही, त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही. आपल्याच कोल्हापुरात 1932 साली प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट केला, त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, तेच 'मानापमान'चे संगीतकार. माझा अंदाज आहे, तेव्हाही कुणी तरी पडद्याला वन्स मोर दिला असेल आणि लोक हसले असतील.

पण 'कट्यार'मध्ये ही जागा गेल्यानं एक वेगळीच गोष्ट घडली, आणि आज मी उभी राहिले ती त्यासाठी.

नाटकात खाँसाहेब पंडितजींच्या जागी येऊन बसलेला माणूस आहे. गोष्टीच्या हिशेबानं आपला राग त्याच्यावर असायला हवा. पण प्रेक्षक जायचे कुणासाठी? वसंतरावांच्या खाँसाहेबांसाठी. ज्याच्यावर रागवायचं, त्यालाच लोक वन्स मोर द्यायचे. एकदा तुम्ही एखाद्याला "पुन्हा गा" म्हणालात की त्याला सरळसोट दुष्ट म्हणता येत नाही. तुम्ही त्याच्या बाजूचे होऊन बसता, निदान तेवढ्या पदापुरते. नाटक जे सांगतं, की कला घराण्याच्या भिंतीपेक्षा मोठी, ते लेखकानं शेवटी सांगण्याआधीच प्रेक्षकानं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलेलं असायचं.

सिनेमात गाणं तितकंच ताकदीचं आहे. पण वन्स मोर देता येत नाही, आणि गाण्यानंतर लगेच कट, लगेच खाँसाहेबांचे डोळे, त्यांचा संताप, पंडितजींच्या खाण्यात शेंदूर घालणारी त्यांची बेगम. राग धरून ठेवायला भरपूर जागा आहे आणि तो विरघळायला कमी. शेवटी खाँसाहेबांच्या हातून कट्यार चालत नाही, ते सदाशिवाच्या सुरापुढं झुकतात, हे सिनेमातही आहे. पण तोवर बऱ्याच जणांनी मनात निकाल लावून टाकलेला असतो.

सिनेमा सुटला. बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही उभे होतो. सगळे एकाच वेळी बोलत होते. आणि आमच्यापैकीच एकजण, हसत हसत, सहज म्हणाला, "काय झालं तरी ही माणसं अशीच." त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. खाँसाहेब झालेली आपली मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात ग्लास होता. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "गाणी मात्र झकास होती. मी तर रडलो बघ." आणि विषय फटाक्यांवर गेला.

मी काहीच बोलले नाही. सर तेव्हा पान आणायला गेले होते. ते तिथं असते तर बोलले असते. मी उगीच हसले, कडवट न होता प्रसंग टळावा म्हणून. ज्यानं ते वाक्य उच्चारलं त्याचं नाव सांगणार नाही, कारण तो वाईट माणूस नाही, आणि त्या क्षणात त्याच्याइतकीच मीही होते. आम्ही दोघी बालवाडीपासून एका बाकावर. उरुसाला मी तिच्या घरी, दिवाळीला ती आमच्या घरी. तिच्या वडिलांचे माग आणि माझे वडील तिथं जॉबर. आणि मला एक वाक्य सुचलं नाही.

काय बोलायला हवं होतं, हे मला नंतर सुचत गेलं. इथून मिरज तासाभराच्या अंतरावर. तिथं अब्दुल करीम खाँ राहिले, शिकवत राहिले, आणि त्यांच्या हाताखाली सवाई गंधर्व तयार झाले. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँना कोल्हापूरला ठेवून घेतलं. त्यांच्याकडं भास्करबुवा बखले शिकले, केसरबाई शिकल्या, मोगूबाई शिकल्या. इचलकरंजीचं नाव गाण्याच्या जगात गेलं ते बाळकृष्णबुवांमुळं, आणि त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हस्सू खाँचे शिष्य. मिरजेचे तंबोरे करणारे सतारमेकर कोण? म्हणजे सदाशिव खाँसाहेबांकडं शिकतो ही दारव्हेकरांची नुसती कल्पना नाही, ती या भागात घरोघरची गोष्ट आहे. एवढं सगळं माझ्याजवळ होतं. पण हे सगळं माहीत असून काय उपयोग? तिथं चार शब्द पुरले असते: "अरे, हिच्यासमोर काय बोलतोस?" किंवा ती समोर नसती तरी, "असं नको बोलूस."

गेल्या वर्षी तिचे वडील गेले, तेव्हा मी भेटायला गेले होते. बोलता बोलता तिनं कपाटातून एक कॅसेट काढून दाखवली. 'कट्यार'च्या गाण्यांची. फीत ठिसूळ झालेली. म्हणाली, "पप्पा चारच्या चहाला माग बंद करायचे आणि ही लावायचे. तुझे पप्पा पण ऐकायला बसायचे. आमचे पप्पा वसंतरावांना 'आपले खाँसाहेब' म्हणायचे. वसंतराव देशपांडे म्हणजे ब्राह्मण, हे त्यांना ठाऊक होतं गं. तरी म्हणायचे."

तेव्हा मला कळलं, माझ्या वडिलांनी त्या स्नेहसंमेलनात सगळ्यात आधी वन्स मोर का दिला. ते गाणं त्यांच्या ओळखीचं होतं. रोज चार वाजता, माग थांबल्यावर, मालकाशेजारी बसून ऐकलेलं.

मी त्या दिवाळीच्या रात्रीबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं तू विसरलीस." म्हणजे ती विसरली नव्हती. नऊ वर्षं.

मित्रांनो, नाटकाचा सिनेमा करावा की नाही, यावर आपण भांडत राहू. माझं मत विचाराल तर करावा, आणि बघावाही. 'कट्यार'मुळं माझी मुलगी पेटी शिकायला लागली, एवढं मला पुरे आहे. पण नाट्यगृहात जे काम प्रेक्षक म्हणून आपोआप आपल्याकडून होऊन जायचं, ते सिनेमात होत नाही. अंधारात दाद देता येत नाही, वन्स मोर देता येत नाही, समोरच्या माणसाला आपण काही बदलवू शकत नाही. मग ते काम उरतं बाहेरच्या चहाच्या गाड्यावर. तिथं गप्प बसलं की सिनेमानं जो निकाल दाखवला, किंवा कुणी त्यातून जो काढला, तोच कायम होतो. मी त्या रात्री प्रेक्षक म्हणून माझं काम केलं नाही.

शेवटचं. संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत तुम्ही बघितलंच असेल, सर पेटीवर बसणार आहेत. कितीतरी वर्षांनी. आणि मागच्या महिन्यात मी, सर आणि अजून दोघांनी मिळून तिला तयार केलं आहे. ती नको नको म्हणत होती. म्हणाली, "आवाज कुठं राहिलाय आता? मसाल्याच्या फोडणीनं गेला." सर म्हणाले, "खाँसाहेबांचा आवाज असाच असतो, ये तू."

तर ती आज तेच पद गाणार आहे, खाँसाहेबांच्या चालीत. ताना थोड्या कमी असतील, दम मध्येच लागेल. पहिला वन्स मोर द्यायला माझे वडील आज नाहीत, तिचेही नाहीत. तेव्हा ते काम आपलं आहे. लाजू नका, मोठ्यानं द्या.

सर, बोलून झालं. चुकलं असेल तर सांगा.